जनेलाला टांगलेलं पोट

गेल्या वर्षी काही आठवडे माझं पोट आमच्या पुढच्या जनेलाला टांगलेलं होतं. जनेल म्हणजे खिडकी. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी, गजांना, मोठ्या काळ्या फिल्मांवर, आडवे काप करून. सकाळचं ऊन पाठीमागून आलं की पोट उजळायचं आणि आमची बाय, म्हणजे माझी मुलगी, कदेल ओढून त्याच्यासमोर अभ्यासाला बसायची.

पहिल्याच दिवशी पाव घेऊन येणारा पोदेर सायकलचा भोंपू वाजवायचा विसरून अंगणात उभा राहिला.

"पात्रांव, ह्या कोणाचा?"

"माझं," मी म्हणालो. उगाच थोडा ताठ उभा राहिलो.

त्याने एकदा जनेलाकडे बघितलं, एकदा माझ्या सदऱ्याच्या बटणांकडे. "बाहेरून दिसता तितका आत काय ना!" म्हणाला आणि उंडे पाव माझ्या हातात देऊन निघून गेला.

त्या फिल्मा जन्माला आल्या त्या माझ्या दुखण्यापायी. पोटात उजव्या बाजूला दुखायचं. पेडण्याच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. त्या दिवसांत कुकर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा मी दुखण्याची जागा बोटाने दाखवून सोडत असे. म्हापशाला जाऊन सीटी स्कॅन केलं. जाताना बायकोला दुकानाच्या चाव्या कुठे असतात ते सांगितलं, जसं काही तिला माहीत नव्हतं. रिपोर्ट आला तर सगळं नॉर्मल. लिव्हर नॉर्मल, किडन्या नॉर्मल, एकूण एक अवयव आपापल्या जागी गुण्यागोविंदाने बसलेला.

"म्हणजे गॅस," बायको म्हणाली. तेही चार माणसांसमोर. फिल्मा कपाटावर गेल्या आणि मी दुखण्याचा विषय काढणं बंद केलं.

आता बायचं सांगतो. ती पणजीच्या बाजूला एका कॉलेजात सीटी आणि एमआरआयची मशीनं चालवायला शिकत होती. लहानपणी हात मोडला होता तेव्हा डॉक्टरांनी तिला एक्स-रे दाखवला, आणि आपलंच हाड बघून ती रडायची थांबली होती. तेव्हापासून तिचं ठरलेलं. बाकी सगळ्या विषयांत ती पुढे. पण एका प्रात्यक्षिकात नापास झाली. त्यात शरीराच्या आडव्या कापांच्या फिल्मा दाखवतात आणि काय कुठे आहे ते ओळखायला सांगतात. आजार ओळखायचा नसतो, तो पुढचा भाग. निरोगी माणूस आतून कसा दिसतो, एवढंच.

घरी आली, बॅग ठेवली आणि जेवताना म्हणाली, "अजून एकदा बसायला मिळणार. तेव्हा नाही झालं तर मी सोडते. दुकानात बसेन तुझ्याबरोबर."

ती रडत असती तर मला बरं वाटलं असतं. रडणारी पोर समजूत घालायला सोपी. ही आमटी वाढून घेता घेता सांगत होती, उद्या कुठली बस पकडणार ते सांगावं तशी. बायकोने माझ्याकडे पाहिलं. दुकानात सोबत मिळेल हा विचार माझ्याही डोक्यात क्षणभर येऊन गेला, नाही म्हणत नाही. पण आयुष्यभर कळशांवरची धूळ पुसताना ती त्या मोडलेल्या हाताची गोष्ट कोणाला सांगणार होती?

"अडतं कुठे तुझं?" मी विचारलं.

"बाणांत."

"बाणांत?"

"लॅपटॉपवरच्या चित्रांना बाण असतात. हे लिव्हर, ही किडनी. बाण असले की मला सगळं येतं. बाण काढले की सगळा राखाडी चिखल."

मग मला कपाटावरच्या पिशवीची आठवण झाली. माझ्या पोटात बाण नव्हते.

अशी शिकवणी सुरू झाली. मुळात शिकवणी तिची होती, पण मी रोज दुकान उघडायच्या आधी शेजारी बसायचो आणि मलाच जास्त प्रश्न पडायचे. आडवा काप म्हणजे नेमकं काय हे मला कळत नव्हतं, ते बायकोने स्वयंपाकघरातूनच सोडवलं. "मासळीवाली इसवण कापते तसं हो. डोक्याकडून शेपटीकडे एकेक काप. पोटाकडच्या कापाला खाली पोकळी असते, शेपटीकडच्याला नसते. काप बघितला की कुठला ते कळतं."

बाय तिच्याकडे बघतच राहिली. "आई, परीक्षेला तूच बस."

मग डावं-उजवं. फिल्मवर लिव्हर डावीकडे दिसतं आणि असतं माणसाच्या उजवीकडे. हे माझ्या टाळक्यात शिरेना. शेवटी बायने मला जमिनीवर उताणं झोपवलं आणि माझ्या पायांशी उभी राहिली. "आता मी तुला पायाकडून बघते. तुझा उजवा हात माझ्या कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

"मग झालं. सगळे काप असेच, पायाकडून बघितलेले. वर पोट, खाली पाठ."

मला एकदम उजेड पडला. त्या आनंदात चप्पल घालून दुकानाला निघालो आणि अंगणातून अभिमानाने मागे वळून जनेलाकडे पाहिलं. पाय तिथेच थांबले. आत आलो तेव्हा म्हणे माझा चेहरा पिठासारखा झाला होता.

"बाय, माझं लिव्हर फिरलं गो! दुसऱ्या बाजूला गेलं!"

"बाबा, तू बाहेरून बघितलंस. फिल्म मागून दिसली तुला."

"ह्यांच्या डोक्याचीपण एक काढून आणूया," बायको आतून म्हणाली.

हळूहळू मलाही चिखलात आकार दिसायला लागले. खाली मधोमध मणका, पांढराशुभ्र, मोरजीच्या वाळूत पाय पसरून बसलेल्या कासवासारखा. त्याच्या पुढ्यात वाटोळी मोठी धमनी. दोन्ही बाजूंना किडन्या, काजूबियांसारख्या, पोटं आत वळवून. लिव्हर शोधावं लागायचं नाही, तेच आपल्याला शोधत यायचं. स्वादुपिंड मात्र डिचोलीच्या माझ्या मेव्हण्यासारखं. आहे म्हणतात, पण कधी सगळं एका जागी सापडत नाही. एका कापात डोकं, दुसऱ्यात शेपूट, मधला भाग आतड्यांच्या गर्दीत कुठेतरी. बायला ते एकदा सापडलं त्या सकाळी आम्ही तिघांनी चहाबरोबर खाजं खाल्लं.

मग ती कॉलेजात जाऊन सरांकडे सराव परीक्षा देऊन आली. गेली तेव्हा खुशीत होती. परत आली ती सरळ आतल्या खोलीत.

झालं होतं असं. सरांनी एक फिल्म लावली, हिने भराभर सगळं सांगितलं आणि मग थांबली. "सर, ह्या माणसाची छोटी पानथरी दिसत नाही."

पानथरी म्हणजे प्लीहा, डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असते, ती सगळ्यांना एक. माझ्या फिल्मवर तिच्या बगलेत सुपारीएवढा एक गोळा होता, रंगाने अगदी तिच्यासारखा. बायने तो रोज बघितला, रोज पाठ केला. तिला वाटलं, मोठीच्या शेजारी छोटी, अशी जोडीच असते माणसाला.

सर म्हणे चष्मा काढून हसले. "कोणाच्या पोटावर शिकलीस?"

"बाबांच्या."

मग त्यांनी नीट समजावलं. काहीजणांना अशी जास्तीची छोटी पानथरी असते, तिचा काही त्रास नसतो, तिचं काही करायचंही नसतं. पण सगळ्यांना नसते. "एक माणूस बघून नॉर्मल कळत नाही," सर म्हणाले. "पुष्कळ माणसं बघ. बाण नसलेली."

बाय उशीत तोंड घालून पडली होती. आणि मी, बाप असूनही सांगतो, मनातून फुललो होतो. मी बायकोकडे वळलो. "बघितलंस? काहीतरी होतं माझ्या पोटात!"

"ती दुखत नाही, बाबा," उशीतून आवाज आला. "गॅसच होता."

तर आता पुष्कळ नॉर्मल माणसं हवी होती. मला वाटलं, ह्यात काय मोठंसं? आमच्याकडे घराघरात कपाटावर, गादीखाली, देवखोलीच्या फळीवर फिल्मांच्या पिशव्या असतात. बाजारात चार जणांना सांगितलं, घरात असेल तर द्या, पोरीच्या अभ्यासाला, आठवड्यात परत करतो. पातेली-पराती लग्नाला नेतात तशा.

पिशव्या आल्या. पण नॉर्मल एक नाही! प्रत्येकजण आपलं सगळ्यात वाईट घेऊन आला. पोराचं प्रगतीपुस्तक दाखवावं तशा कौतुकाने एकेकजण आपले खडे, आपले झिजलेले मणके माझ्या काउंटरवर पसरायला लागला. मेव्हण्याकडे डिचोलीला गेलो. खाणीच्या ट्रकांवर वर्षानुवर्षं बसून त्याची कंबर गेलेली आहे. मी पायरी चढायच्या आत त्याने पिशवी काढली.

"भावजी, ही न्या! डॉक्टर म्हणाला, अशी डिस्क बघायला मिळत नाही."

"मला नॉर्मल हवी रे."

"नॉर्मलात काय बघणार? काय असतं त्यात?"

तो दुखावला. घेतली शेवटी. बायने घरी आल्यावर खालच्या दोन मणक्यांवर कागद चिकटवला आणि वरचे अभ्यासाला घेतले. "मामाचे वरचे मणके एकदम सुंदर आहेत," असं तिने फोनवर त्याला सांगितलं, ते त्याला आजपर्यंत लागलेलं आहे.

मग नॉर्मल गेले कुठे? इतक्या लोकांचे स्कॅन होतात, सगळ्यांत काही ना काही निघतंच असं कसं होईल? एका दुपारी दुकानात स्टोव्हच्या पिना मोजत बसलो होतो तेव्हा उत्तर मिळालं, आणि ते माझ्याच कपाटावर होतं. ज्याचं नॉर्मल येतं तो सांगत नाही. गाडी केलेली असते, घरच्यांनी नवस बोललेले असतात, शेजारीण डबा घेऊन आलेली असते. एवढं सगळं करून काही निघालं नाही हे कोणत्या तोंडाने सांगणार? मी तरी कुठे कोणाला सांगितलं होतं?

म्हणून मी पद्धत बदलली. फिल्म मागायचं सोडलं. गिऱ्हाइकाचं भांडं कागदात गुंडाळताना आधी आपलंच सांगायला लागलो. "मला किती दुखायचं ठाऊक आहे ना तुम्हाला? काही निघालं नाही. गॅस."

गिऱ्हाईक आधी हसायचं. मग इकडे तिकडे बघून काउंटरवर वाकायचं. "कोणाला सांगू नका हं. माझ्यातपण काय निघालं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिशवी यायची, लपतछपत. कोणाची छाती, कोणाचं पोट, कोणाची मान. आमच्या जनेलावर जागा पुरेना. बाय रिपोर्ट झाकून एकेक फिल्म लावायची आणि बोटाने कापाकापाने खाली उतरत जायची. लिव्हर कोणाचं लांबट, कोणाचं बसकं. कोणाची एक किडनी जरा खाली. सगळे वेगळे आणि सगळे ठीक. छोटी पानथरी मात्र माझ्याखेरीज एकाचीच निघाली, आणि आठवडाभर मी त्या माणसाकडे भाऊबंदासारखा बघत होतो.

डोकं मात्र मिळत नव्हतं. मग मला आठवलं की केरीच्या ताईने, माझ्या थोरल्या बहिणीने, चक्कर येते म्हणून डोक्याचं एमआरआय केलं होतं. विचारलं की ती एवढंच म्हणायची, "सांभाळून राहूक सांगितला हा." मी फोनवर तिला माझ्या गॅसची गोष्ट सांगितली.

"ये घेऊन पोरीक," ती म्हणाली. "पण तुझ्या बायलेक सांगू नको."

आम्ही स्कूटरवरून केरीला गेलो. ताईने बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या दगडी बाकावर बसवलं, कोकम दिलं आणि पदराआडून पिशवी काढली. समुद्रावरचं आभाळ स्वच्छ होतं. बायने फिल्म त्याच्यासमोर धरली.

"काय आसा गे माझ्या डोक्यात?" ताईने विचारलं. गमतीने विचारल्यासारखं, पण फिल्मकडे न बघता.

बाय घाईत बोलते नेहमी. त्या दिवशी सावकाश बोलली. "हे डोळे, आत्ये. बघ, दोन्ही सारखे. ही मधली रेघ, सरळ आहे. ह्या बाजूला जेवढं, तेवढंच त्या बाजूला. आणि हे मधलं, फुलपाखरासारखं, ते पाणी."

"पाणी? माझ्या डोक्यात पाणी झाला?"

"सगळ्यांच्या असतं. माझ्या, बाबाच्यासुद्धा."

"हयसर काळा, आणि ह्या दुसऱ्यात पांढरा. कसा ता?"

"तेच पाणी. मशीन दोन तऱ्हांनी फोटो काढतं. एकात पाणी काळं येतं, एकात पांढरं. म्हणजे एकात नाही कळलं ते दुसऱ्यात कळतं."

ताई फिल्मकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे काय नाय?"

"सगळं जिथल्या तिथे आहे, आत्ये."

तेव्हा ताईने सांगितलं. चक्कर कानामुळे होती, गोळ्यांनी गेलीही होती. पण डॉक्टर 'नॉर्मल' एवढाच शब्द बोलून पुढच्या पेशंटला बोलावता झाला, आणि हिला वाटलं, काय ते त्यालाच सापडलं नाही. सापडलं नाही म्हणजे आत कुठेतरी लपून बसलेलं आहे. तेव्हापासून ती तेरेखोलच्या फेरीबोटीत चढली नव्हती, पाण्यावर मध्येच काही झालं तर म्हणून. एवढे महिने, आणि मला, सख्ख्या भावाला, पत्ता नाही. मी आपला गिऱ्हाइकांना पोट दाखवत होतो.

"मेल्या, तुझा डोक्याचा काढ रे एकदा," ती डोळे पुसत मला म्हणाली. "मधली रेघ हा काय बघूया."

परत येताना बाय स्कूटरवर मागे बसली होती. घाटी उतरून सपाटीला लागलो तेव्हा खांद्यावरून म्हणाली, "बाबा, बाण नव्हते."

परीक्षेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून तिला गाडीने घेऊन गेलो. ती आत गेली. मी कॅन्टीनच्या बाहेर झाडाखाली भाजीपाव समोर घेऊन बसलो, तो तसाच राहिला. पोरं बाहेर यायला लागली ती घोळक्याने, भांडत. सगळ्यांचं भांडण शेवटच्या फिल्मवर होतं. पोटाचा काप होता, खाली फक्त लिहिलेलं, काय दिसतं ते लिहा. एकजण म्हणे किडनीत खडा. एक म्हणे लिव्हरला सूज. तिसऱ्याला गाठ दिसली होती.

"तू काय लिहिलंस?" एका मुलीने बायला विचारलं.

"नॉर्मल."

"अगो, नॉर्मल असतं तर मुद्दाम शेवटी कशाला ठेवलं असतं?"

बाय गाडीकडे चालू लागली. गाडीत बसलो. बाकीचं बरं गेलं होतं, पण त्या एका फिल्मला मार्क पुष्कळ होते. कोलवाळचा पूल येईपर्यंत मी दम धरला. मग राहवेना.

"बाय, एखादा खडा तरी लिहायचा होतास. लहानसा."

"खडा नव्हता, बाबा."

"सगळ्यांना काही ना काही दिसलं म्हणतात."

"मी दोनदा बघितलं. वरून खाली, खालून वर. किडन्यांत काही नव्हतं. लिव्हर बसकं होतं, म्हणून मोठं वाटत होतं, पण तसली किती लिव्हरं आपल्या जनेलावर होती."

"आणि असलं काही तर?"

"तर मला दिसलं नाही. दिसलं नाही ते मी लिहिणार नाही." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "उद्या मशीनवर बसले आणि कोणाच्यातरी पोटात उगाच खडा घातला, तर?"

धारगळ आलं, गेलं. घरी बायकोने दारातच विचारलं, "कसा झाला?" आणि आम्ही दोघांनी एकदम खांदे उडवले.

निकालाच्या दिवशी ती एकटीच गेली, मला नको म्हणाली. मी दुकानात होतो. एक बाई तांब्याची हंडी बोटाने टणटण वाजवून बघत होत्या, त्यांना तिचा आवाज पसंत पडत नव्हता. फोन वाजला. मी घाईत तो आधी उलटाच कानाला लावला.

"बाबा, ते नॉर्मल होतं!"

"काय?"

"शेवटची फिल्म. सरांना विचारलं मी. काही नव्हतं तिच्यात. मुद्दाम ठेवली होती."

"अगो, ते असू दे. पास झालीस?"

"हां, ते पण," ती म्हणाली, आणि पुन्हा त्या फिल्मचं सांगायला लागली. लिव्हर कसं बसकं होतं, धमनी कशी नीट मधोमध होती. बाई हंडी खाली ठेवून माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना हाताने थांबायची खूण केली आणि ऐकत राहिलो.